रिकाम्या पेटीची राखण

४ मे, रविवार

थेल्माने आज माझा पाणउतारा केला, आणि तोही गरम स्कोनवर जॅम घालून देता देता. परवाना आला हे सांगायला मी उड्या मारत तिच्याकडे गेले होते. दोन वर्षं दर शनिवारी या बाईच्या शेडमधल्या विषारी सापांच्या पेट्या घासल्या, तिने शिफारस लिहिली, सरकारने परवाना दिला. आता साप घरी आणायचा एवढंच उरलंय, असं मला वाटत होतं.

कुठला घेणार, म्हणाली. मी डेथ ॲडर म्हणाले. जाडजूड, बुटका, दिवसभर पाचोळ्यात पडून असतो, उगाच पळापळ नाही. अगदी माझ्यासारखा, असंही म्हणाले. तिने चहा ढवळायचा थांबवला. म्हणे, पडून असतो म्हणूनच नको. जो हलत नाही त्याच्यासमोर माणूस सैलावतो, आणि तो झेप घेतो ती दिसतसुद्धा नाही. मग मी टायगर साप म्हणाले, तर ती नुसती हसली. त्याहून जहाल ब्राउन सापाचं नाव मी काढलंच नाही. तेवढी अक्कल मला आहे.

“लाल पोटाचा काळा घे,” ती म्हणाली. “तो जागा असतो, समोर दिसतो, रागावला तर आधी सांगतो. आणि चावलाच तर बहुतेक माणसं आठवडाभर आजारी पडून उठतात.”

मी नाक मुरडलं. आमच्या गावाबाहेरच्या ओढ्याकाठी असले लाल पोटाचे उन्हाळाभर पडलेले असतात. दोन वर्षं घासूनपुसून मला मिळणार काय, तर ओढ्यावरचा साप. पण थेल्माशी वाद घालून कोणी जिंकल्याचं मी ऐकलेलं नाही. बहात्तर वर्षांची आहे, वितभर उंचीची, आणि बोलायला लागली की तालुका गप्प बसतो.

घरी येऊन क्लेमला सांगितलं. क्लेम माझा नवरा. गोगलगाय आडवी आली तरी थांबून तिला वाट करून देणारा माणूस. मी त्याला स्वच्छ सांगितलं, ज्या दिवशी तू म्हणशील, नेरी, मला भीती वाटते, त्या दिवशी साप थेल्माकडे परत. वाद नाही, रुसवा नाही. माझा शब्द.

“नाही वाटणार,” तो म्हणाला. लगेच म्हणाला. मला फार बरं वाटलं.

१७ मे, शनिवार

मागची खोली रिकामी केली. तिथे क्लेमचे जुने रेडिओ होते, ते त्याने निमूट गराजमध्ये नेले. दाराखालच्या फटीला पट्टी ठोकली, खिडकीला बारीक जाळी, भिंतीतल्या भेगा लांबी भरून बुजवल्या. दाराच्या वरच्या अंगाला हातभर काच बसवली, आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसावं म्हणून. पाटी लावली: विषारी साप, आत येऊ नये. आणि आत साप नाही!

ही थेल्माची रीत. नव्या माणसाला ती आधी साप देतच नाही, रिकामी पेटी देते. काही आठवडे ती पेटी आत साप आहे असं धरून सांभाळायची. खोलीत गेलं की मागचं दार लावायचं. साप उचलायच्या आकड्याने पेटीवर एकदाच टक करायचं, म्हणजे आतल्याला कळतं की खाणं आलेलं नाही, माणूस आलंय. मग कुलूप, काच, पाणी बदलायचं, काच, कुलूप, किल्ली गळ्यात. आणि घरात दुसरं माणूस जागं, हाकेच्या अंतरावर असल्याशिवाय पेटीला बोट लावायचं नाही.

ते दुसरं माणूस म्हणजे क्लेम. त्याने बोळात दारासमोर स्वयंपाकघरातली एक खुर्ची मांडली आहे. मी आत रिकाम्या पेटीला पाणी देते, तो बाहेर पेपर वाचतो. बाहेरून कोणी बघितलं तर दोघांनाही वेड्यांच्या डॉक्टरकडे नेईल.

पण खरं सांगायचं तर मला हे आवडतंय. एकोणीस वर्षं मी तीच शाळेची बस त्याच रस्त्याने चालवते. झोपेतसुद्धा चालवीन. अजगर पाळला होता, गस, तो इतका गरीब होता की त्याच्यासमोर मी चुका केल्या तरी त्याने कधी मनावर घेतल्या नाहीत. मला एकदा तरी असं काही नीट करून बघायचंय जिथे चूक चालत नाही.

१४ जून, शनिवार

थेल्मा न सांगता आली. सरळ मागच्या खोलीत गेली, आणि पेटीला कुलूप नव्हतं. सकाळी मी लावायचं विसरले होते.

“साप निसटला,” ती म्हणाली. “शोध.”

मला वाटलं थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. नसलेला साप मी अख्ख्या घरात शोधला. फ्रिजमागे, धुण्याच्या यंत्राखाली, बुटांत. क्लेम गुडघ्यांवर रांगत सोफ्याखाली टॉर्च मारत होता, आणि घामाने डबडबला होता. थेल्मा खुर्चीत बसून बिस्किटं खात होती. शेवटी म्हणाली, सापडला नाही ना, मग आज रात्री झोपा आता निवांत. आणि गेली. रिकाम्या पेटीचे आठवडे मोजायला पहिल्यापासून सुरुवात.

मी लाजेने मेले. क्लेम मात्र खरोखर नीट झोपला नाही, सारखा कूस बदलत होता. मी म्हणाले, अरे वेड्या, साप नव्हताच. तो म्हणाला, माहीत आहे.

पट्टी बांधायची तालीम चालू आहे. साप चावला तर बोटांपासून खांद्यापर्यंत घट्ट पट्टी, मग फळी, मग हात हलवायचा नाही. क्लेमची पट्टी म्हणजे ख्रिसमसच्या भेटीवरची रिबीन. मी म्हणाले, या बांधणीने विष पायी चालत हृदयापर्यंत जाईल आणि वाटेत चहा पिईल. तो ओशाळला. दुसऱ्या दिवशी बसवरून आले तर जेवणाच्या टेबलाचा एक पाय खालपासून वरपर्यंत पट्टीने गुंडाळलेला. मला चिडवायला केलं असणार. असले पोरकट विनोद त्याला सुचतात.

थेल्माच्या शेडमध्ये आज परत शिंकांनी हैराण झाले. तिचा पेट्यांतला भुसा जुना झालाय. तिला सांगितलं तर म्हणे, तू कोरडं झाडतेस म्हणून. ती आधी सगळीकडे पाण्याचा फवारा मारते, तोंडाला फडकं बांधते, मग झाडते. एवढ्या वेळात माझ्या तीन पेट्या होतात.

२६ जुलै, शनिवार

आली!

मादी आहे. दीड वर्षाची, थेल्माकडेच जन्मलेली, हात-दीड हात लांब. पाठ ओल्या डांबरासारखी काळी आणि पोटाच्या कडेला लाल, पिकल्या टोमॅटोचा लाल. पेटीत सोडल्यावर तिने सगळे कोपरे तपासले, पाण्याच्या वाटीत डोकं घातलं, मग लाकडाखाली जाऊन फक्त तोंड बाहेर ठेवून माझ्याकडे बघत बसली. ओढ्यावरचा साप म्हणून मी नाक मुरडलं होतं, ते शब्द परत घेते. इतकं सुंदर जनावर माझ्या घरात आहे आणि ते नीट ठेवण्याची जबाबदारी माझी आहे, या विचाराने मला रडायलाच आलं. क्लेमने रुमाल दिला.

नाव काय ठेवायचं यावर माझ्या मनात बरीच भारदस्त नावं होती. क्लेम म्हणाला, खोली घेतली, भाडं देत नाही, दिवसभर झोपते, रात्री उजेड मागते. ही भाडेकरीण आहे. झालं. आता तेच नाव पडलं.

१० ऑगस्ट, रविवार

भाडेकरणीने पहिली कात टाकली. अखंड, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट. अशी अखंड कात निघणं म्हणजे साप सुखात असल्याची खूण. मी ती हातांनी सरळ केली आणि पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर टाचली. क्लेम म्हणाला, इथे? मी म्हणाले, लोक मुलांचे फोटो लावतात, आम्हाला मूल नाही, मी हे लावते.  असं बोलायला नको होतं, पण बोलून गेले.

वॅटलची झाडं फुललीत. सगळा गाव पिवळा आणि माझं नाक लाल. सकाळी उठते तेव्हा डोळे सुजलेले असतात. बसमधली पोरं विचारतात, मिसेस टली, रडलात का?

पेटी झाडताना आज लागोपाठ नऊ शिंका आल्या. तळहातांना खाज सुटते ती भांड्यांच्या साबणाने. तो बदलायला हवा.

२४ ऑगस्ट, रविवार

क्लेम माझ्यापासून काहीतरी लपवतोय.

आठवडाभर बघतेय. त्याच्या करड्या स्वेटरच्या खिशात काहीतरी लांबुळकं असतं. मी जवळ गेले की त्याचा हात खिशावर. उकडलं तरी स्वेटर काढत नाही. गावात सारखा जातो, विचारलं तर औषधांच्या दुकानात गेलो होतो म्हणतो, आणि हातात काही नसतं. आज त्याचा स्वेटर खुंटीवर होता तेव्हा हुंगून बघितला. वास नाही. हुशार झालाय.

त्याने सिगरेट सोडली ती माझ्यासाठी. त्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा इस्पितळातल्या पलंगावर माझा हात धरून शपथ घेतली होती. मी जेवताना सरळ विचारलं, परत सुरू केलीस ना? तो बटाटा चिरत होता. बराच वेळ चिरत राहिला. मग म्हणाला, “कधीतरी एखादी.”

मला वाटलं होतं नाही म्हणेल. नाही म्हणावं असंच मला वाटत होतं. मी ताट तसंच ठेवून उठले.

६ सप्टेंबर, शनिवार

चार दिवस त्याच्याशी बोलले नाही, मग कंटाळा आला म्हणून बोलले. पण मनातून गेलेलं नाही. एवढा सरळ माणूस तोंडावर शब्द मोडतो, आणि मी आत पेटी उघडली की साळसूदपणे खुर्चीत पेपर घेऊन बसतो. पेपर तरी वाचतो का कोण जाणे. परवा मी बाहेर आले तर पान उलटं धरलेलं होतं.

थेल्मा आली होती. पेटी बघितली, कुलूप ओढून बघितलं, भाडेकरणीचं वजन केलं. एकाही गोष्टीला नाव ठेवलं नाही. थेल्माकडून हे म्हणजे पदकच. तेवढ्यात मला शिंक आली, मग दुसरी, मग थांबेनात. ती माझ्याकडे बघत राहिली. हे किती दिवस, म्हणाली. मी म्हणाले, वॅटल. तिने तिच्या साप पाळणाऱ्यांच्या मंडळातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली, तो असाच शिंकायचा, शेवटी सगळे साप देऊन टाकले आणि आता मासे पाळतो. डॉक्टरला दाखव, म्हणाली. मी हो म्हणाले. शिंका येतात म्हणून साप देऊन टाकणारा माणूस! त्याने मासेच पाळावेत.

ती निघाली तेव्हा क्लेम तिला फाटकापर्यंत सोडायला गेला आणि दोघं तिथे बराच वेळ खुसुरफुसुर करत होती. माझ्याबद्दलच असणार. माझं काही चुकत असेल तर तिने माझ्या तोंडावर सांगावं, नवऱ्यापाशी कसली चुगली?

रात्री क्लेम म्हणाला, नेरी, डॉक्टरकडे जाऊ या का? आणि ती कात जरा दुसरीकडे लावू या का? मी म्हणाले, ज्याची स्वतःची छाती धुराने भरली आहे त्याने माझ्या नाकाची काळजी करू नये.

२८ सप्टेंबर, रविवार

वॅटल झडून गेला. शिंका आहेत. म्हणजे आता गवताचे पराग सुरू झाले असणार, यंदा पाऊसही बरा झालाय.

डॉक्टरची वेळ घेतली होती, ती बसच्या दुरुस्तीमुळे चुकली. परत घेईन.

काल पेटी साफ करताना ओठांना झिणझिण्या आल्या. लिहून ठेवते, कारण एरवी विसरेन.

१२ ऑक्टोबर, रविवार

उजव्या हाताला पट्टी आहे, डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

बुधवारी संध्याकाळी भाडेकरणीला खायला द्यायचं होतं. सगळं नेहमीसारखं. दार लावलेलं, क्लेम बाहेर खुर्चीत, गोठवलेला मेलेला उंदीर कोमट पाण्यात सैल करून लांब चिमट्यात धरलेला. काच सरकवली. ती लाकडाखालून निघाली, मान उचलली, जीभ बाहेर काढून अंदाज घेत होती. आणि मला शिंक आली. साधी शिंक. हात चिमट्यासकट खाली गेला, तिने झेप घेतली ती उंदरावर, आणि उंदराच्या जागी माझी मधल्या बोटाची पेरं होती. ती चावून चावून धरून राहिली, मग तिलाच पटलं की हे खाणं नव्हे, आणि सोडून मागे गेली. तिची काही चूक नाही. हे मी इस्पितळात प्रत्येकाला सांगितलं.

मी काच लावली. कुलूप लावलं. ओढून बघितलं. किल्ली गळ्यात घातली. याचा मला अजून अभिमान आहे. दाराकडे वळले तर क्लेम आधीच उभा होता, खुर्ची आडवी पडलेली. मी शांतपणे म्हणाले, चावली, काही नाही, लाल पोटाची आहे, पट्टी आण. आणि बोळातच जमिनीवर बसले.

त्याने पट्टी बांधली. बोटांपासून खांद्यापर्यंत, एकही सुरकुती नाही, मग फळी. इतकी सुंदर पट्टी मी थेल्माच्या हातचीसुद्धा बघितलेली नाही. मी त्याला तसं सांगणार होते, पण जीभ वळेना. तळहात पेटल्यासारखे खाजत होते. ओठ हाताला लागले तर माझे वाटेनात. मग गळा आवळत आला. श्वास आत जात होता तो शिट्टी वाजवत, पुढे तोही जाईना. लाल पोटाच्या सापाने असं होत नाही, हे मला पाठ होतं. इतकी घाबरले मी, इतकी घाबरले की क्लेमचा स्वेटर मुठीत धरला. त्याने माझी मूठ सोडवली, खिशात हात घातला आणि ते लांबुळकं काढलं.

सिगरेटचं पाकीट नव्हतं. इंजेक्शनचं पेन होतं, अंगाला एखाद्या गोष्टीचं वावडं असलेली माणसं जवळ ठेवतात ते. टोपी काढून त्याने ते माझ्या मांडीत, पँटवरूनच, खुपसलं आणि धरून ठेवलं. तोंडाने आकडे मोजत होता. मग ॲम्ब्युलन्सला फोन. त्याचा आवाज अजिबात कापत नव्हता.

डॉक्टरीण तरुण आहे, स्पष्ट बोलते. म्हणाली, विषाने फारसं काही केलं नाही, तुमच्या अंगानेच दगा दिला. दोन वर्षं पेट्या झाडताना सापाच्या कातीची, लाळेची धूळ नाकात गेली असावी, आणि अंगाला तिचं वावडं झालं असावं. शिंका, खाज, ओठ, सगळं त्याचंच. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं? मी म्हणाले, सांगितलं होतं. पेन तिथल्या तिथे दिलं नसतं तर, असं म्हणून तिने पुढचं वाक्य सोडून दिलं.

क्लेमला फाटकाशी थेल्माने सगळं समजावून सांगितलं होतं. पण त्याच्या आधीच, मला पेटीपाशी शिंकताना बघून, त्याने स्वतःच औषधांच्या दुकानात जाऊन विचारलं होतं, पेन घेतलं होतं, आणि कसं वापरायचं ते शिकायला परत परत गेला होता.

घरी आलो तर कात भिंतीवर नव्हती. पलंगावर धुतलेली चादर. भाडेकरीण थेल्माकडे आहे, तात्पुरती. पेटी रिकामी.

१५ ऑक्टोबर, बुधवार

थेल्मा आली, पण घरात आली नाही. अंगावरचे कपडे शेडमधले आहेत म्हणून फाटकापाशीच थांबली. म्हणाली, तुझ्या तोंडावर दरडावून सांगायला हवं होतं, पोरी, मी गोष्ट सांगत बसले. मी म्हणाले, दरडावलं असतंस तरी मी ऐकलं नसतं. ती म्हणाली, तेही खरं.

क्लेमने आज जेवताना एक बेत मांडला. अंगणाच्या टोकाला वेगळी शेड बांधायची. साफसफाई, खाणं, पाणी सगळं तो करेल, तोंडाला फडकं बांधून, फवारा मारून. कपडे तिथेच बदलेल. मी फक्त बाहेरून काचेतून बघायचं. परवानाही तो काढेल, कितीही वर्षं लागोत, तोवर थेल्मा तिला सांभाळेल. कागदावर नकाशासुद्धा काढला होता.

मी तेव्हापासून त्यावर विचार करतेय. होऊ शकतं. नीट केलं तर होऊ शकतं. तिला गमवायची माझी तयारी नाही, हे खोटं कशाला लिहू.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मी क्लेमला म्हणाले, ठीक आहे, पण थेल्माच्या रीतीने. आधी रिकामी पेटी. पेटी, खोली सगळं त्याने परवाच धुऊन काढलंय. तो आत गेला, दार लावलं. मी बोळात त्याच्या खुर्चीत बसले.

इतक्या महिन्यांत त्या खुर्चीत मी एकदाही बसले नव्हते. तिथून पेटी दिसत नाही. साप तर नाहीच नाही. दाराच्या काचेतून दिसते ती फक्त आत उभ्या असलेल्या माणसाची पाठ. मे महिन्यापासून हा माणूस इथे बसून माझी पाठ बघत होता.

आता मी त्याची बघत होते. सकाळ थंड होती, मी शाल घेतली होती, आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला. आकड्याने पेटीवर एकदा टक करायचं असतं. त्याचा आकडा काचेवर खडखडत राहिला, थांबेना, शेवटी त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. मग कुलूप. किल्ली दोनदा खाली पडली. आत पाण्याची वाटी आणि एक लाकूड, बाकी काही नाही.

“क्लेम,” मी म्हणाले, “बाहेर ये.”

“अजून पाणी बदलायचंय.”

“बाहेर ये.”

तो आला. मी म्हणाले, तुला भीती वाटते. तो म्हणाला, रिकामी आहे ती. मी म्हणाले, मी पेटीचं विचारत नाही.

तो भिंतीला टेकून उभा राहिला. “वाटते,” म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. थेल्माने तो नसलेला साप शोधायला लावला ना, तेव्हापासून तर झोपच नाही.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू परत दिली असतीस. शब्द दिला होतास.” मग म्हणाला, “आणि तू हसायचीस, नेरी. त्या खोलीतून बाहेर येताना तू हसत असायचीस. सिगरेटचं कबूल करणं त्यापेक्षा सोपं होतं.”

मी मूर्खासारखं विचारलं, त्या दिवशी मी दार उघडायच्या आधीच तू उभा कसा होतास? तो म्हणाला, शिंक येणार असली की तुझा उजवा खांदा आधी वर जातो. तो वर जाताना दिसला.

मी तिथेच रडले. तो रुमाल शोधत होता, त्याला सापडेना, शेवटी पट्टीचं एक भेंडोळं दिलं. संध्याकाळी थेल्माला फोन केला. म्हणाले, तिला तुझ्याकडेच ठेव. कायमची.  थेल्मा म्हणाली, नाव बदलणार नाही मी तिचं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मागच्या खोलीत क्लेमचे रेडिओ परत आले. दारावरची पाटी काढली, चार भोकं राहिली. आज सकाळी एकही शिंक आली नाही, आणि त्याचा मला राग आला. सवयीने गळ्यातली किल्ली चाचपली तर नव्हती. भाडेकरणीची आठवण येते. ती लाकडाखालून तोंड काढून बघायची ते आठवतं. याला औषध नाही म्हणतात, वेळ जावा लागतो.

दुपारी क्लेम दिसेना. मागच्या पायरीवर सापडला. सिगरेट ओढत होता. खरी, पेटलेली. बाजूला नवं कोरं पाकीट, त्यातली एकच कमी. मला बघून लपवली नाही. 

“ही पहिली आहे,” तो म्हणाला. “शपथ.”

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पाकीट उचलून माझ्या खिशात घातलं, आणि धूर नाकात जाणार नाही अशा बाजूला बसले. म्हणाले, एवढी संपव, भांडण उद्या करू.